रहस्यपट घरीच पाहावा

नवा रहस्यपट थेट घरच्या पडद्यावर आला, की तोच वाद नव्याने पेटतो. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ‘ग्लास अनियन’ अमेरिकेत जेमतेम आठवडाभर थेटरांत लागला आणि महिन्याभराने नेटफ्लिक्सवर आला, तेव्हाही हेच झालं. एक बाजू म्हणते, सिनेमा अंधारातच, शेकडो अनोळखी माणसांसोबतच बघायचा असतो. सोफ्यावर मांडी ठोकून बघणं म्हणजे दिग्दर्शकाचा अपमान. दुसरी बाजू तिकिटाचा, पार्किंगचा आणि पॉपकॉर्नचा हिशेब मांडते. एकाचं बोलणं सोवळ्यातलं, दुसऱ्याचं जमाखर्चाच्या वहीतलं. समोरचा सिनेमा कुठल्या जातकुळीचा आहे आणि तो प्रेक्षकाकडून काय मागतो, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. वाळवंट बघायचं असेल तर मोठा पडदाच हवा, हे कुणीही कबूल करेल. पण डझनभर संशयितांचे जबाब ऐकायचे असतील तर?

गाजलेल्या रहस्यकादंबरीवरचा सिनेमा घरी पाहणं ही तडजोड नाही, तीच त्याची योग्य जागा आहे, असं माझं म्हणणं आहे. रहस्यकथेच्या वाचकाला काही हक्क असतात: मध्येच थांबण्याचा, मागची पानं उलटण्याचा, शेजारी बसलेल्याला ‘हा माणूस आधी कुठे आला होता रे?’ असं विचारण्याचा. ती कथाच हे हक्क गृहीत धरून लिहिलेली असते. थेटरात शिरताना ते दाराशी काढून ठेवावे लागतात. घरी ते परत मिळतात.

अगाथा ख्रिस्तींची ‘मर्डर ऑन दी ओरिएंट एक्स्प्रेस’ घ्या. कादंबरी 1934 ची, आणि तिच्यावरचा सिडनी लुमेट यांचा सिनेमा 1974 चा. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते, एका डब्यात खून होतो, पोलीस येण्याचा संभव नाही, आणि ख्रिस्तींचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो त्याच डब्यात प्रवास करतोय. (खुनी कोण ते मी सांगणार नाही. पुस्तकाला नव्वद वर्षं झाली म्हणून काय झालं, आज पहिल्यांदा वाचणारा आजच पहिल्यांदा वाचतोय.) या कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिल्यात घटना, दुसऱ्यात एकामागून एक जबाब, आणि तिसऱ्या भागाचं नावच असं की पॉयरो मागे टेकून विचार करतो. पुस्तकात कॅलेला जाणाऱ्या त्या डब्याचा आराखडा छापलेला आहे, कोण कुठल्या कुपेत (झोपायच्या खोलीत) ते दाखवणारा. जबाब संपल्यावर प्रत्येक प्रवाशाची माहिती गोषवाऱ्यासारखी पुन्हा मांडलेली आहे. मग पॉयरो अनुत्तरित राहिलेले दहा प्रश्न कागदावर उतरवतो आणि सोबतच्या दोघांना, कंपनीच्या संचालकाला आणि डॉक्टरला, म्हणतो की आता डोळे मिटून विचार करा. दोघे मिटतात. डॉक्टरांचं मन लगेच भलतीकडे भटकायला लागतं.

आता सांगा, ही रचना कुणासाठी आहे? बोट डब्याच्या आराखड्यावर ठेवून दुसऱ्या हाताने मागची पानं चाळणाऱ्या माणसासाठी. गोषवारा दिलाय तो पडताळून बघायला. दहा प्रश्न दिलेत ते पुस्तक मांडीवर उपडं ठेवून छताकडे बघायला. आणि लक्ष भरकटणार हेही ख्रिस्तीबाईंना पुरेपूर ठाऊक होतं, म्हणून तर डॉक्टरांची गंमत केली. सिनेमात यातलं काय उरतं? लुमेट हुशार दिग्दर्शक, त्यांनी जबाबांची साखळी तशीच ठेवली. पण आराखडा पडद्यावर किती वेळ धरून ठेवणार? आणि सगळ्या प्रेक्षागृहाला दहा मिनिटं डोळे मिटून विचार करा असं कोण सांगणार? मागे टेकून विचार करणं हा या कथेचा कळस आहे, आणि थेटरात नेमकी तेवढीच गोष्ट करता येत नाही. गाडी बर्फात थांबली तरी प्रोजेक्टर थांबत नाही.

घरी थांबतो. चित्र थांबवायचं, विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला डब्याचा नकाशा काढायचा, कुपे आखायचे आणि नावं भरायची: इथे अमेरिकन बाई, इथे हंगेरियन जोडपं, शेवटी कंडक्टरची बैठक. रात्री कुणाच्या दारावर थाप पडली, घंटी कुठून वाजली, मार्गिकेतून कोण गेलं, हे कागदावर आलं की पुढचा प्रत्येक जबाब वेगळा ऐकू येतो. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘थांब, जरा मागे घे, ती काय म्हणाली?’ थेटरवादी मंडळी यालाच व्यत्यय म्हणतात. मला तर रहस्यकथेचा प्रेक्षक याहून जागा असू शकतो असं वाटत नाही.

याच सिनेमातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कादंबरीत खून झाल्यावर पॉयरोला जळालेल्या कागदाचा तुकडा सापडतो. बायकांच्या टोप्यांच्या पेटीतली तारेची जाळी मागवून, तिच्यात तो तुकडा धरून, स्पिरिटच्या दिव्यावर तो पुन्हा तापवतो, आणि काही क्षण अक्षरं उमटतात. त्या अक्षरांवरून एका जुन्या अपहरणाचा धागा मिळतो. म्हणजे खुनाच्या मागचा इतिहास वाचकाला खुनानंतर कळतो. सिनेमा मात्र तिथूनच सुरू होतो: 1930, लाँग आयलंड, वर्तमानपत्रांचे मथळे, पळवलेलं मूल, सगळं जवळजवळ मुक्याने. मग ‘पाच वर्षांनंतर’ आणि इस्तंबूल. मुळाशी इमान राखण्याचा आग्रह धरणारे म्हणतील, गौप्यस्फोट आधीच करून टाकला. पण त्या दोन-चार मिनिटांत पुढच्या सगळ्या जबाबांची किल्ली आहे, आणि ती अशा घाईने दाखवली आहे की पहिल्यांदा हाती लागू नये. थेटरात ती निसटते ती निसटलीच. सिनेमा संपेपर्यंत मथळ्यातली माणसं कुणाच्या लक्षात राहणार? घरी शेवट कळल्यावर पुन्हा सुरुवातीला जाता येतं, आणि मग दिसतं की दिग्दर्शकाने फसवलेलं नाही. पत्ते समोर उलटे मांडून ठेवले होते, आपणच पाहिले नव्हते. या जातीच्या कथेत ‘फसवलं नाही’ ही खात्री करून घेण्याचा आनंद खुन्याचं नाव कळण्याइतकाच मोठा असतो.

शेवटच्या खुलाशातही तेच. पॉयरो भोजनाच्या डब्यात सगळ्यांना बसवून उलगडा करतो, तेव्हा आधीच्या जबाबांचे तुकडे पुन्हा दिसतात. ते अधिक रुंद लेन्सने टिपलेले आहेत, त्यामुळे तेच चेहरे आता अंगावर आल्यासारखे भासतात. थेटरात परिणाम जाणवतो, कारण कळत नाही. घरी दोन्ही चित्रं एकापाठोपाठ लावून पाहिली तर कळतं. इन्ग्रिड बर्गमन यांनी स्वीडिश मिशनरी बाईची भूमिका केली आहे. त्यांचा जबाब जवळजवळ पाच मिनिटांचा आणि न तोडता एका दमात घेतलेला आहे. त्या एवढ्याशा भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. पहिल्यांदा पाहताना ती बावरलेली, भाबडी बाई वाटते. शेवट ठाऊक असताना पुन्हा पाहिलं, की तिच्या अडखळण्यातलं कुठलं खरं आणि कुठलं नाही, हे शोधत राहावं लागतं. एकाच जबाबाचे दोन अभिनय बर्गमन यांनी एका दमात केलेत, आणि ते दोन्ही दिसायला दोनदा बघावंच लागतं. मला विचाराल तर आख्ख्या सिनेमातला सगळ्यात थरारक भाग हा आहे, बर्फही नाही आणि गाडीही नाही.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. स्टेशनातून गाडी सुटते तो प्रसंग, जेफ्री अन्सवर्थ यांचा कॅमेरा आणि त्यावर रिचर्ड रॉडनी बेनेट यांचं वॉल्ट्झच्या ठेक्यातलं संगीत, हे घरच्या पडद्यावर निम्मंही पोचत नाही. अख्ख्या प्रेक्षागृहाचा श्वास एकदम अडकणं, ही गोष्ट घरात चार माणसांत होत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असण्याची गरजही वाटत नाही. जे गमावलं ते गमावलं. प्रश्न एवढाच, की या विशिष्ट जातीच्या सिनेमात गमावलेलं जास्त की कमावलेलं?

पण थेटरातल्या शिस्तीचा दाखला कुणी सनातन परंपरा म्हणून देऊ लागला, तर जरा इतिहास बघू. अमेरिकेत कित्येक दशकं लोक खेळाच्या मध्येच येऊन बसत, शेवट आधी बघत, पुढच्या खेळाची सुरुवात पाहून उठून जात. 1960 मध्ये हिचकॉक यांना ‘सायको’साठी जाहीर करावं लागलं, की सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडणार नाही. त्याआधी 1955 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांच्या ‘ले दियाबोलिक’च्या शेवटी पडद्यावर विनंती यायची, की मित्रांना शेवट सांगून त्यांचा रस घालवू नका. 1957 च्या ‘विटनेस फॉर दी प्रॉसिक्यूशन’च्या शेवटीही तसंच आर्जव. लंडनमध्ये 1952 पासून चालू असलेल्या ‘माउसट्रॅप’ या नाटकाच्या प्रेक्षकांना तर आजही पडदा पडताना हीच शपथ घातली जाते. ही शिस्त थेटराच्या अंगची नव्हे. रहस्य सांगणाऱ्यांनी ती थेटराच्या गळी उतरवली, कारण त्यांचा माल तिथे टिकत नव्हता. ज्या वस्तूला जपण्यासाठी दारावर पहारेकरी उभा करावा लागतो, तिची ती नैसर्गिक जागा कशी?

नैसर्गिक जागा कुठली ते या कथांच्या जन्मावरूनच दिसतं. शेरलॉक होम्सचा ‘हाउंड ऑफ दी बास्करव्हिल्स’ स्ट्रँड मासिकात ऑगस्ट 1901 ते एप्रिल 1902 असा नऊ महिने हप्त्याहप्त्याने आला. दर हप्त्यानंतर महिनाभर वाचक घरात, कचेरीत, आगगाडीत तर्क लढवत होते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचल्या गेल्या त्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांमधून घरी आणून, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात ओढून. घरात वाद घालत चाखायची ही चीज आहे. तिला मुकाट्याने दोन तास बसवलं ते सिनेमाने.

आक्षेपांतला सगळ्यात वजनदार आक्षेप लयीचा आहे. दिग्दर्शकाने ताण चढवत नेलेला असतो, तुम्ही मध्येच कुकर उतरवायला उठलात की तो ताण फुटतो. खरंय. ‘सायको’ असा बघू नये, मीही बघत नाही. पण भयाचा ताण आणि तपासाचं कुतूहल यांची सरमिसळ करून कसं चालेल? हिचकॉक स्वतः ‘खून कुणी केला’ छापाच्या कथांपासून फटकून राहिले. ते निव्वळ कोडं आहे, त्यात भावना नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीतला तुच्छतेचा सूर सोडून दिला तर निरीक्षण अचूक आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. कोडं सोडवणाऱ्याच्या हातून पेन्सिल कशाला काढून घ्यायची?

थेटरासाठी सिनेमा करणाऱ्या मोठ्या दिग्दर्शकांना ही अडचण नीट कळली होती. सत्यजित रे यांनी 1967 मध्ये ब्योमकेश या बंगाली गुप्तहेरावर ‘चिडियाखाना’ केला. तो त्यांच्या स्वतःच्याही फारसा पसंतीला उतरला नाही. शेवटी सगळ्यांना बसवून लांबलचक खुलासा करायचा, ही पद्धत पडद्यावर मार खाते, असं त्यांचं मत झालं. मग फेलूदा या गुप्तहेरावरच्या स्वतःच्याच ‘सोनार केल्ला’ या कादंबरीवर सिनेमा करताना त्यांनी सरळ डाव फिरवला. कादंबरीत जे शेवटी कळतं, ते सिनेमात लवकरच दाखवून टाकलं: बदमाश कोण आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक, फेलूदाला नाही. सिनेमा लागला डिसेंबर 1974 मध्ये, लुमेट यांच्या ‘ओरिएंट एक्स्प्रेस’नंतर जेमतेम महिन्याभराने. एकाच हिवाळ्यात दोन उस्तादांनी दोन टोकाचे मार्ग धरले. रे यांनी कोडं सोडून पाठलाग घेतला, आणि राजस्थानातले उंट, आगगाडी, मुकुलचा सोन्याचा किल्ला यांनी थेटर जिंकलं. लुमेट यांनी कोडं ठेवलं. रे यांचा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण रे यांना कोडं टाकून द्यावं लागलं, हाच थेटराच्या मर्यादेचा पुरावा नव्हे का?

छोट्या पडद्याने मात्र कोडं टाकलं नाही, उलट त्याच्यासाठी जागा करून दिली. एलरी क्वीन या नावाने दोन मावसभाऊ लिहीत. त्यांच्या 1929 च्या पहिल्याच कादंबरीत उलगड्याच्या आधी वाचकाला जाहीर आव्हान आहे: सगळे धागे आता तुमच्या हाती आहेत, सांगा. 1975-76 मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर यावरून मालिका झाली, तेव्हा ते आव्हान कसं आणलं? नायक जिम हटन थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारायचा, ‘आलं का लक्षात?’ आणि मग जाहिराती. ज्या जाहिरातींना सगळे शिव्या देतात, त्या दोन मिनिटांत अख्खं घर तर्क करायचं. ही मालिका करणारे लेव्हिन्सन आणि लिंक यांनीच त्याआधी ‘कोलंबो’ निर्माण केला होता, ज्यात खुनी पहिल्याच प्रसंगात दिसतो. म्हणजे दोन्ही वाटा त्यांना पाठ होत्या, आणि दोन्ही त्यांनी दिवाणखान्यात आणल्या.

आणि घरात चित्र थांबवण्याची सोय आली तीसुद्धा याच मंडळींचं बोट धरून. सोनीने सत्तरच्या दशकात बेटामॅक्स हे टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करणारं यंत्र विकताना जाहिरात केली, की आता ‘कोलंबो’ बघताना ‘कोजॅक’ चुकवायची गरज नाही. दोन्ही गुप्तहेरांच्या मालिका, दोन्ही युनिव्हर्सल स्टुडिओच्या. स्टुडिओचं पित्त खवळलं आणि त्यांनी 1976 मध्ये खटला भरला. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: घरी टेप करून सवडीने बघणं हा गुन्हा नाही. तोवर आपल्याकडेही 1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आणि मागोमाग भाड्याचे व्हीसीआर आले होते, एका रात्रीत तीन कॅसेटी उरकणारे. प्रेक्षकाने चित्र कधी, कुठून, किती वेळा बघायचं हे कुणी ठरवायचं, असा तो झगडा होता. आजचे थेटरवादी हरलेला खटलाच पुन्हा भरताहेत.

घरच्या बघण्यात दोष नाहीतच असं नाही. सगळ्यात मोठा दोष मोबाइल नव्हे. मोबाइलकडे बघणारा डॉक्टरांचा वंशज, त्याला क्षमा आहे. दोष आहे तो पुढे पळण्याचा. ज्या हाताने मागे जाता येतं त्याच हाताने पुढेही जाता येतं. जबाब कंटाळवाणे वाटले की दीडपट वेगाने पळवता येतात, आणि तेही नको असेल तर खुन्याचं नाव शोधून मोकळं होता येतं. ही जमात जुनीच आहे. लायब्ररीतल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून पुढच्याचा जीव जाळणारे महाभाग होतेच की. त्यांच्यामुळे पुस्तकं घरी देणं कुणी बंद केलं नाही.

मुळाबरहुकूम आहे की नाही, या भांडणालाही घर बरं वळण देतं. ‘अँड देन देअर वर नन’ ही ख्रिस्तींची कादंबरी 1939 ची: एका बेटावर जमलेल्या दहा जणांना जुन्या गुन्ह्यांची शिक्षा म्हणून एकेक करून मारलं जातं. 1943 मध्ये रंगमंचासाठी ख्रिस्तीबाईंनी स्वतःच तिचा शेवट बदलला, 1945 च्या हॉलिवूडपटाने तोच बदललेला शेवट उचलला, आणि 1987 मध्ये रशियन दिग्दर्शक गोवोरुखिन यांनी कादंबरीतला काळाकुट्ट शेवट जसाच्या तसा ठेवला. आता यातला कुठला मुळाशी प्रामाणिक? लेखिकेनेच दोन दिलेत. थेटरातून बाहेर पडून रागाने ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणण्यापेक्षा पुस्तक मांडीवर घेऊन दोन्ही शेवट लागोपाठ बघावेत, आणि बदलल्याने त्या बेटावरच्या न्यायाचं काय झालं, यावर भांडावं. असं भांडण करण्याजोगं आहे.

माझी खरी तक्रार थेटरवाल्यांपेक्षा घरपोच सिनेमा देणाऱ्यांवर आहे. ज्या सोयीमुळे हा सिनेमा घरी फुलतो, तीच ते मोडत चाललेत. वर्णनाच्या दोन ओळींत अर्धं गुपित फोडलेलं असतं. पॉयरोचा खुलासा संपतो, गाडीतली माणसं एकमेकांसमोर पेले उंचावतात, आपण कुठे चुकलो ते घरात कुणीतरी बोलायला तोंड उघडतं, आणि कोपऱ्यात आकडे उलटे पळू लागतात: पाच, चार, तीन, की दुसराच कुठला तरी सिनेमा सुरू. पन्नास वर्षांपूर्वी साबण विकणाऱ्यांनी विचार करायला दोन मिनिटं दिली होती, आता महिन्याचे पैसे भरूनही पाच सेकंद मिळतात. ती आपोआप पुढे ढकलण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. रहस्यपट लावायच्या आधी तेवढं करावं, आणि पेन्सिल घेऊन बसावं.